ओढ्यात मीठ सोडून काढलेला माग

श्रोतेहो, नमस्कार.

धातूची खाण बंद पडली की माणसं निघून जातात, पंप थांबतात आणि भुयारांत पाणी भरू लागतं. खडकात पायराइट असतं, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज. त्याला हवा-पाणी मिळालं की गंधकाम्ल तयार होतं. हे आम्लपाणी खडकातलं जस्त, कॅडमियम, तांबं विरघळवत ओढ्याला येऊन मिळतं. खाणमालकाचं नावही कुणाला आठवत नाही, तरी ते येतच राहतं.

अशा ओढ्याच्या दगडांवर नारिंगी थर दिसतो आणि सगळं लक्ष तोच खेचून घेतो. पण तो रंग लोहाचा. आम्लता थोडी उतरली की लोह गाळ होऊन बसतं. जस्त मात्र नितळ पाण्यातून दूरवर जातं आणि मासे मारतं. डोळ्यांवर विसंबून साफसफाई सुरू करणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं.

नुसत्या बाटलीभर पाण्याच्या तपासणीनंही भागत नाही. समजा, एका भुयारातून सेकंदाला अर्धा लिटर पाणी येतं आणि लिटरमागे १० मिलिग्रॅम जस्त आहे. दिवसाला ४३२ ग्रॅम झाले. शेजारच्या पाझरात लिटरमागे एकच मिलिग्रॅम, पण पाणी सेकंदाला २० लिटर. तिथून दिवसाला जातात १,७२८ ग्रॅम! खरा गुन्हेगार हा पाझर, आणि अहवालात बदनाम होतं ते भुयार.

म्हणजे पाणी किती वाहतं, हे कळायलाच हवं. डोंगरी ओढ्यात ते सोपं नाही. बरंच पाणी गोट्यांच्या खालून जातं, तिथं प्रवाहमापक पोचत नाही. म्हणून वरच्या अंगाला लिथियम क्लोराइड किंवा सोडियम ब्रोमाइडसारखं मीठ पाण्यात विरघळवून, एकाच संथ वेगानं, तासन्‌तास सोडत राहतात. खाली ते जितकं पातळ झालेलं सापडेल, तितकं नवं पाणी वाटेत मिसळलं. मग ओढ्याच्या कडेनं ठिकठिकाणी, शक्यतो एकाच दिवशी, नमुने घ्यायचे. दोन ठिकाणांच्या मध्ये काठावर एकही झरा नाही आणि तरी जस्ताचं वजन वाढलं, तर ते जमिनीखालून येतंय.

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेनं कोलोराडोतल्या ॲनिमस नदीच्या खोऱ्यात १९९० च्या दशकात ही पद्धत वापरली. त्याच खोऱ्यातल्या गोल्ड किंग खाणीचं तोंड उकरताना ५ ऑगस्ट २०१५ ला आत तुंबलेलं पाणी फुटलं. सुमारे १ कोटी १० लाख लिटर! नदी पिवळी-नारिंगी झाली, जगभर छायाचित्रं गेली. रोज गुपचूप झिरपणाऱ्या पाण्याचं छायाचित्र कोण काढणार?

आणखी एक अडचण आहे. भुयाराला बूच मारलं की आतली पातळी चढते आणि पाणी दुसरी फट शोधू शकतं. तेव्हा काम झाल्यावर पुन्हा तेच मीठ सोडायचं, त्याच ठिकाणांचे नमुने घ्यायचे आणि दिवसाचं वजन खरंच उतरलं का, ते ताडून पाहायचं.