दोरीने ढकलता येत नाही, म्हणून पेशी आकसते

श्रोतेहो, नमस्कार. स्नायू आखडतो तेव्हा त्यातले ॲक्टिन आणि मायोसिन या दोन प्रथिनांचे तंतू आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात, हे 1954 सालीच मांडलं गेलं. पण स्नायूत तंतू शिस्तीत रचलेले असतात. साध्या पेशीच्या आवरणाखाली मात्र ते वाटेल तसे पसरलेले. तरीही पेशी आकसते. कशी?

मायोसिनच्या रेणूचं एक डोकं, म्हणजे ॲक्टिनला धरणारं त्याचं टोक, एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्चून तंतूला पाच ते दहा नॅनोमीटर सरकवतं. ओढ जेमतेम काही पिकोन्यूटनची; पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा लाख-कोटीवा भाग. शिवाय ते बराच वेळ तंतूपासून सुटलेलं असतं. म्हणून साधारण तीस रेणूंची, 300 नॅनोमीटर लांबीची जुडी बनते, दोन्ही टोकांना डोकी असलेली.

आता खरी अडचण. ॲक्टिनच्या तंतूला दिशा असते आणि जुडी ठरावीक टोकाकडेच चालते. विस्कळीत जाळ्यात ती काही ठिकाणी तंतू जवळ ओढेल, तर तितक्याच ठिकाणी दूर ढकलेल. तंतू ताठ काठ्या असते तर बेरीज शून्य झाली असती. पण सात नॅनोमीटर जाडीचा हा तंतू ताण सोसतो, दाब नाही. तंतू एकमेकांना जोडले जातात त्या सांध्यांमधला एक मायक्रोमीटरचा तुकडा अर्ध्या पिकोन्यूटनच्या आसपास दाबाने वाकतो. दोरीच ती! ढकलणं वाकण्यात जिरतं, ओढणं तेवढं उरतं.

वाकवणारं बल लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं, आणि सगळी मेख इथेच आहे. तंतू सांधणारी प्रथिनं, उदाहरणार्थ अल्फा-ॲक्टिनिन, फार झाली आणि सांध्यांमधलं अंतर दशांश मायक्रोमीटरवर आलं, की तेच बल शंभरपट होतं. तंतू वाकत नाहीत, जाळं ताठरतं. फार कमी झाली तर ओढ पुढे पोचतच नाही, जाळ्याचे तुकडे पडतात.

हे बल मोजायला पेशी काही किलोपास्कल ताठरपणाच्या, म्हणजे मऊशा, पॉलीअ‍ॅक्रिलामाइड जेलवर वाढवतात. जेलमध्ये चमकणारे सूक्ष्म मणी असतात. आधी त्यांचं चित्र घ्यायचं, मग ट्रिप्सिन या विकराने पेशी जेलपासून सोडवून पुन्हा घ्यायचं. मणी किती सरकले त्यावरून बल काढायचं. ट्रिप्सिन ओतताना सूक्ष्मदर्शकाखालची बशी हलते, म्हणून पेशीपासून लांबच्या मण्यांवरून दोन्ही चित्रं आधी जुळवून घ्यावीत. नाहीतर बशीचा धक्काच पेशीच्या नावावर जमा होतो. मायोसिन बंद करून पडताळायचं तर ब्लेबिस्टॅटिन हे रसायन वापरतात. निळ्या प्रकाशात मात्र ते निकामी होतं, वर पेशीला विषारीही ठरतं. तेव्हा मणी निवडतानाच लाल चमकणारे घ्यावेत, म्हणजे ते पाहायला निळा प्रकाश लागत नाही.