तेल उतरलं, पगार थांबला

[दृश्य: पेट्रोल पंप, दरांचा फलक]

जून 2014 मध्ये कच्च्या तेलाचं एक पिंप साधारण 115 डॉलरला विकलं जात होतं. जानेवारी 2016 मध्ये त्याच पिंपाचा भाव 28 डॉलरच्या खाली गेला. दीड वर्षात तीन चतुर्थांश किंमत उतरली. आपल्याला ते पंपावर कळलं, पण अर्धंमुर्धंच. कारण नोव्हेंबर 2014 ते जानेवारी 2016 या काळात केंद्र सरकारने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं. पेट्रोलवर लिटरमागे 11 रुपये 77 पैसे आणि डिझेलवर 13 रुपये 47 पैसे. स्वस्ताईचा मोठा वाटा सरकारी तिजोरीत गेला. त्यावर वाद झाले, अग्रलेख आले, संसदेत प्रश्न विचारले गेले.

याच स्वस्ताईचा दुसरा हिशेब सौदी अरेबियात, जेद्दाच्या आसपासच्या मजूर कॅम्पांत चुकता होत होता. त्याची चर्चा आपल्याकडे जेमतेम दोन आठवडे टिकली. आज आपण तोच हिशेब पाहणार आहोत.

[दृश्य: तेलविहिरी, व्हिएन्नातली ओपेकची इमारत]

भाव का पडले, हे थोडक्यात सांगतो. अमेरिकेने खडकातून शेल तेल काढण्याचं तंत्र हाती घेतलं आणि काही वर्षांत उत्पादन जवळपास दुपटीवर नेलं. बाजारात तेल जास्त झालं. 27 नोव्हेंबर 2014 ला व्हिएन्नात ओपेकची, म्हणजे तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या संघटनेची, बैठक झाली. उत्पादन कमी करून भाव सावरतील, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. सौदी अरेबियाने नकार दिला. भाव पडू देत, महागात तेल काढणारे अमेरिकन आपोआप थकतील, असा त्यामागचा विचार होता. अमेरिकेत विहिरी बंद पडल्याही. नॉर्थ डकोटातल्या शेल पट्ट्यात रातोरात उभ्या राहिलेल्या वसाहती ओस पडल्या. पण सौदीची स्वतःची तिजोरीही त्याच तेलावर चालत होती.

सरकारी उत्पन्नातले शंभरातले नव्वदच्या आसपास रियाल तेलातून येत होते. 2015 सालची तूट 367 अब्ज रियालवर गेली. रियालची डॉलरशी गाठ 1986 पासून 3.75 वर पक्की बांधलेली. चलन उतरवून धक्का पचवायची सोय त्यांनी ठेवलेलीच नव्हती. मग एकच रस्ता उरला. खर्च रोखायचा. आणि सरकारी खर्च रोखायचा झाला की सगळ्यात सोपं काय असतं? ठेकेदाराचं बिल पुढच्या महिन्यावर ढकलणं. त्यासाठी कायदा करावा लागत नाही, घोषणा करावी लागत नाही. फाइल टेबलावर पडून राहिली तरी काम होतं.

[दृश्य: रियाधमधल्या मोठ्या इमारती, क्रेन]

सौदी ओजर ही कंपनी रफीक हरीरी यांनी 1978 साली काढली. हेच हरीरी पुढे लेबनॉनचे पंतप्रधान झाले. राजवाडे, विद्यापीठं, रियाधचं रिट्झ कार्लटन हॉटेल, अशी मोठमोठी कामं या कंपनीने केली. दुसरी मोठी कंपनी सौदी बिनलादिन ग्रुप. तिच्यावर आधीच एक आघात झाला होता. 11 सप्टेंबर 2015 ला मक्केच्या मशिदीत तिची क्रेन कोसळली, शंभराहून अधिक माणसं गेली आणि नवी सरकारी कामं मिळणं बंद झालं. त्यात तेल पडलं. एप्रिल 2016 च्या अखेरीस या कंपनीने 50,000 परदेशी कामगारांना अंतिम खुरूज, म्हणजे कायमचा परतीचा व्हिसा, लावल्याची बातमी सौदी वृत्तपत्रात आली. पगार थकलेल्या कामगारांनी मक्केत कंपनीच्या बसगाड्या पेटवल्याचं जगाने पाहिलं.

पगार थकतो म्हणजे नक्की काय होतं, ते जरा सावकाश पाहू. तिथे नोकरी करणाऱ्याचा पगार थकला की फक्त पैसे थांबत नाहीत, सगळंच एकेक करून बंद पडत जातं.

आधी ओव्हरटाइम जातो. मग पगार पंधरा दिवस उशिरा येतो, मग महिनाभर, मग येतच नाही. साहेब सांगतात, सरकारकडून बिल आलं की सगळं एकदम देऊ. माणसं थांबतात, कारण नोकरी सोडली तर थकलेला पगार बुडेल ही भीती असते. तोवर कंपनी इकाम्याचं नूतनीकरण करायचं सोडून देते. इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना. तो कंपनीने भरायचा असतो, कामगाराला स्वतः भरता येत नाही. इकामा संपला की दवाखान्यात विम्याचं कार्ड चालत नाही, बँकेचं खातं अडकतं, आणि रस्त्यावर पोलिसांनी थांबवलं तर गुन्हेगार तोच ठरतो. दुसरीकडे काम मिळत असलं तरी तेव्हा जाता यायचं नाही, कारण कफीलची, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा आहे त्या मालकाची, परवानगी लागायची. गावी परतायचं म्हटलं तरी खुरूजवर कफीलचीच सही लागायची. आणि कफील म्हणजे तीच कंपनी, जिने पगार दिलेला नाही. शेवटी मेसच्या ठेकेदाराचेही पैसे थकतात आणि एक दिवस जेवण येत नाही.

ते जेवण थांबलं जुलै 2016 मध्ये. शुमैसी, हायवे, ताइफ अशा पाच कॅम्पांत सौदी ओजरचे सुमारे अडीच हजार भारतीय कामगार अडकले होते. 30 जुलैला परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी ट्विटरवरून हे देशाला सांगितलं आणि जेद्दातल्या भारतीयांना हाक दिली, आपल्या भावांना मदत करा. सौदीत मिळून दहा हजारांहून अधिक भारतीयांपुढे अन्नाचा प्रश्न असल्याचं त्यांनी जाहीर केलं. त्या रात्री वकिलातीने आणि तिथल्या भारतीयांनी मिळून 15,475 किलो शिधा कॅम्पांत पोचवला. शिवाय अंडी, मसाले, मीठ. जेद्दातल्या नोकरदार, दुकानदार भारतीयांनी हे केलं, आणि त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे आहेत. पाठोपाठ परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह तिथे गेले. राजे सलमान यांनी दहा कोटी रियाल मंजूर केले आणि खुरूज मोफत करून दिला.

माणसं परत आली. पगार मात्र तिथेच राहिला. ऑगस्टमध्ये सरकारने कामगारांना सांगितलं की दावे वकिलातीत नोंदवा आणि घरी या. सौदी सरकार बंद पडलेल्या कंपन्यांचा हिशेब करेल तेव्हा तुमचेही पैसे मिळतील. 31 जुलै 2017 ला सौदी ओजर कायमची बंद झाली.

[दृश्य: कागदावर आकडे लिहिणारा हात]

एक साधा हिशेब मांडू. समजा गवंड्याला महिन्याला 1,200 रियाल पगार. 2016 च्या दराने एक रियाल साधारण 18 रुपयांचा, म्हणजे साडेएकवीस हजार रुपये. सात महिने पगार थकला तर 8,400 रियाल, दीड लाख रुपये. शिवाय नोकरी संपताना मिळायची सेवासमाप्तीची रक्कम वेगळी. आता दुसरी बाजू. एजंटने घ्यायच्या फीला तेव्हा कायद्याने 20,000 रुपयांची मर्यादा होती. ती किती पाळली जाते, हे गावाकडून सौदीला गेलेल्या कुठल्याही घरात विचारा. व्हिसाचे पैसे व्याजाने उचललेले असतात, किंवा बायकोचे दागिने गहाण टाकलेले असतात. पगार थांबतो तेव्हा व्याज थांबत नाही.

इथे एक गोष्ट मला राहून राहून खटकते. सौदी अरेबिया त्या काळात कंगाल झालेला नव्हता. 2016 च्या अखेरीसही त्याच्याकडे 500 अब्ज डॉलरहून अधिक परकीय गंगाजळी होती. ऑक्टोबर 2016 मध्ये त्याने रोखे विकून एकाच फेरीत साडेसतरा अब्ज डॉलर उभे केले. देशाला थांबायला वेळ होता, गंगाजळी होती, कर्ज द्यायला जग रांगेत उभं होतं. ज्याच्याकडे पुढच्या महिन्याचीही तजवीज नव्हती, त्या गवंड्याचं बिल सगळ्यात आधी थांबलं. ही टंचाई नव्हती, हा निर्णय होता. म्हणून याला फक्त तेलबाजाराची घडामोड म्हणून सोडून देणं मला मान्य नाही.

[दृश्य: कोकणातला रस्ता, जांभ्याच्या चिऱ्यांनी भरलेला ट्रक]

तेलाच्या भावाचे पडसाद तेलविहिरींपासून किती लांब उमटतात, ते बघायला रत्नागिरी, रायगडमध्ये यावं. खेड, चिपळूण, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातून सत्तरच्या दशकापासून माणसं आखातात जात आली. आधी मुंबई, मग बोट, मग कुवेत, दुबई, सौदी. कोकणी मुसलमानांच्या कित्येक मोहल्ल्यांत अशी घरं आहेत, जिथला एक पुरुष कायम ‘बाहेर’ असतो.

तिथून पैसे येतात तेव्हा गावात आधी घर बांधायला काढलं जातं. चिरेखाणीत ऑर्डर जाते. खाणीत दगड कापणारे मजूर बरेचदा कर्नाटकातून आलेले असतात. मग टेम्पोवाला, वाळूवाला, मेस्त्री, हार्डवेअरचं दुकान, स्लॅबच्या दिवशी लागणारे वीस-पंचवीस हात, आणि शेवटी रंगारी. एका रियालचा गावात असा प्रवास होतो. तो थांबला की सौदी कधी न पाहिलेल्या माणसाची रोजी जाते. जोत्यापर्यंत आलेलं काम तिथेच थांबतं. वरच्या मजल्यासाठी काढून ठेवलेल्या सळ्या पावसात गंजतात. मेस्त्री दुसरं काम शोधतो आणि दुकानदार उधारीची वही काढून बसतो. इंग्रजी शाळेतलं पोर पुढच्या जूनमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत दिसतं.

यातल्या कशाचीही नोंद ‘तेलाचे भाव घसरल्याचा परिणाम’ म्हणून कुठे होत नाही. मोठ्या आकड्यांत मात्र ते दिसतं. जागतिक बँकेच्या हिशेबाने परदेशातून भारतात येणारा पैसा 2015 मध्ये 68.9 अब्ज डॉलर होता. 2016 मध्ये तो 62.7 अब्जांवर आला. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार 2016-17 मध्ये त्यातला 19 टक्के केरळात आणि 16.7 टक्के महाराष्ट्रात आला. महाराष्ट्राच्या वाट्यात अमेरिकेतल्या इंजिनिअरचे पैसे आहेत, तसे सौदीतल्या मेस्त्रीचेही. केरळची तर अख्खी अर्थव्यवस्थाच या पैशावर उभी होती. तिथल्या स्थलांतर पाहणीत 2013 च्या सुमारास 24 लाख लोक परदेशी होते, 2018 मध्ये ते 21 लाखांवर आले.

सौदीचं दारही हळूहळू बंद होत गेलं. दहावी न झालेल्या माणसाला आखातात नोकरीला जाताना सरकारची मंजुरी घ्यावी लागते. अशी मंजुरी घेऊन 2015 मध्ये तीन लाखांहून अधिक लोक सौदीला गेले. यात उत्तर प्रदेश आणि बिहारची माणसं सर्वांत जास्त. 2017 मध्ये हा आकडा 80,000 च्या आत आला. कुटुंब घेऊन राहणाऱ्यांवर जुलै 2017 पासून माणशी महिना 100 रियाल कर बसला आणि तो दरवर्षी 100 ने वाढत 400 पर्यंत गेला. तेलातून न येणारा पैसा कुठूनतरी यायला हवा होता. बायकामुलांना विमानात बसवून देऊन नवरा पुन्हा खोलीत चौघांबरोबर राहायला गेला, अशी कुटुंबं तेव्हा थोडीथोडकी नव्हती.

आणि एप्रिल 2020 मध्ये हेच पुन्हा घडलं. करोनाने जग थांबलं. अमेरिकेत एक दिवस तेलाचा वायदा शून्याच्याही खाली, उणे 37 डॉलरवर गेला. ‘वंदे भारत’च्या विमानांतून लाखो माणसं आखातातून परतली. कित्येकांचे शेवटचे दोन-चार पगार तिकडेच राहिले. त्याच सप्टेंबरमध्ये आपल्या सरकारने आखातात जाणाऱ्या कामगारांसाठी ठरवलेला किमान पगारच खाली आणला. नोकऱ्या टिकाव्यात हे कारण दिलं गेलं. ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी तो निर्णय मागे घ्यावा लागला.

2016 च्या थकलेल्या पगाराचं पुढे काय झालं? फिलिपिन्सचे दहा हजारांवर कामगारही याच संकटात सापडले होते. त्यांच्या सरकारने हा विषय सोडला नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी सौदी युवराजांशी झालेल्या भेटीत तो पदरात पाडून घेतला आणि 2023 च्या अखेरीस धनादेश यायला लागले. सात वर्षांनी. म्हणजे पैसे मिळू शकतात, विचारत राहिलं तर. आपल्या कामगारांनी वकिलातीत भरलेले दावे गावाकडच्या पेटीत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेले असतील. त्यांच्यासाठीही इतक्याच वरच्या पातळीवर विचारणा व्हायला हवी, आणि ती करायला उशीर झालेला नाही.

ऑक्टोबर 2024 पासून सौदीने परदेशी कामगारांच्या पगाराचा विमा सुरू केला आहे. कंपनीने पगार बुडवला तर 17,500 रियालपर्यंत भरपाई आणि परतीच्या तिकिटाचा खर्च मिळतो. आपल्या गवंड्याचे 8,400 रियाल त्यात आले असते. ही चांगली गोष्ट आहे. फक्त पगार सहा महिने थकल्यानंतरच हा विमा लागू होतो, आणि त्या सहा महिन्यांत कॅम्पमधल्या मेसचं आणि गावाकडच्या चुलीचं काय करायचं, याची तरतूद या विम्यात नाही.