खांद्यावरचं दूध

श्रोतेहो, नमस्कार. घरात तान्हं बाळ असलेल्या बायांनो, आज मी खास तुमच्याशीच बोलणार आहे. बाळ मांडीवर झोपलं असेल तर रेडिओ जरा बारीक करा.

आषाढात आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडं पाऊस लागला की दोरीवरची दुपटी चार-चार दिवस वाळत नाहीत. मी नर्स असताना अशाच एका पावसात एक पहिलटकरीण आली. बाळ 7 आठवड्यांचं, सोबत सासूबाई. "सिस्टर, पाजलं की ओकतंय बघा. हिचं दूध पचत नाही म्हणतात सगळी. पावडर लावू काय?" बाळाला काट्यावर ठेवलं. पंधरा दिवसांत 400 ग्रॅम वाढलेलं! ओठावर दुधाचा ओघळ, आणि स्वारी हसतेय. म्हटलं, "मावशी, दुखणं बाळाचं नाही, तुमच्या दोरीचं आहे."

आपल्याकडं कुणी 'गुळणी टाकली' म्हणतं, कुणी 'दूध ओकलं', शेजारची कन्नड अक्का 'हालु कक्कतैती' म्हणते. गोष्ट एकच. अन्ननळी जठराला मिळते तिथं स्नायूचं एक कडं असतं. तान्ह्या बाळाचं ते अजून ढिलं असतं. पोट एवढंसं, पोटात नुसतं दूध आणि दिवसभर आडवं पडणं. मग दूध वर येणारच. 3 महिन्यांच्या आतली निम्मी तरी बाळं दिवसातून एकदा गुळणी टाकतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास हे सगळ्यात जास्त असतं, बाळ बसायला लागलं की उतरतं, वर्ष-दीड वर्षात बहुतेकांचं थांबतं. आणि आईचं दूध पावडरच्या दुधापेक्षा लवकर जठरातून पुढं सरकतं. म्हणजे ओकतंय म्हणून अंगावरचं तोडायचं, हा हिशेबच उलटा.

मग करायचं काय? थोडं थोडं, वरचेवर पाजा. बाळाचं डोकं पोटापेक्षा वर राहू दे. पान्हा जोरात फुटून बाळ ठसकत असेल तर मागं रेलून बसा आणि त्याला छातीवर पालथं घेऊन पाजा. धार घशात कोसळत नाही. ढेकर काढा, मग 20-30 मिनिटं खांद्याशी उभं धरा. आपल्याकडं पाजलं की लगेच न्हाणीत नेऊन पायांवर पालथं घालतात आणि चोळतात. दूध बाहेर येईल नाहीतर काय होईल? झोपवताना मात्र पाठीवर, सपाट जागी, उशी न देता. ओकणाऱ्या बाळालासुद्धा.

सहाणेवरची गुटी नको. पहिले 6 महिने आईच्या दुधाखेरीज पाणीही नको, आणि वर्षाच्या आत मधाचं बोट तर मुळीच नको. आज्यांना राग येईल. येऊ दे. निपाणीकडं घरात विड्या वळणाऱ्या बायांना एवढंच सांगते, तंबाखूचं सूप पाळण्यापासून लांब ठेवा आणि साबणानं हात धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नका.

आता नीट ऐका. उलटी हिरवी असेल किंवा तिच्यात रक्त असेल, तर सकाळची वाट बघायची नाही, 108 ला फोन करायचा. ताप असेल, बाळ निळं पडत असेल किंवा दूधच ओढत नसेल, तरी तेच. साधारण दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात दर वेळी उलटी पिचकारीसारखी लांब उडते आणि बाळ पुन्हा भुकेलंच राहतं, तेव्हा जठराच्या पुढच्या तोंडाशी स्नायू जाड झालेला असू शकतो. छोट्या ऑपरेशननं तो दोष जातो, पण उशीर चालत नाही. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला 6 लंगोटही ओले होत नसतील किंवा तायी कार्डावर, म्हणजे सरकारी आई-बाळ कार्डावर, वजन अडलं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. बाळाच्या शीमध्ये रक्ताच्या रेषा दिसल्या तर कधीकधी गाईच्या दुधाची अॅलर्जी निघते. मग डॉक्टर आईलाच 2 ते 4 आठवडे दूध, दही, ताक बंद करायला सांगतात. आपला दुधाचा कुंदाही त्यात आला, काय करणार! पाजणं मात्र चालूच ठेवायचं.

काविळीचं थोडक्यात सांगते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जरा पिवळेपणा बऱ्याच बाळांना येतो. तेव्हा दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजा. पहिल्या 24 तासांतच पिवळं दिसलं किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर उन्हात धरत बसू नका, दवाखाना गाठा.

तोंडातली टाळू फाटलेल्या बाळाला दूध ओढता येत नाही. त्याला बसतं धरून, काढलेलं दूध वाटी-चमच्यानं द्यायचं. कमी दिवसांच्या बाळालाही बऱ्याचदा तसंच, आणि सोबत छातीची ऊब. उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून, वरून पांघरूण. ही ऊब बापालाही देता येते. एका पोरसवदा बापाला शर्टाची बटणं काढ म्हटलं, तर कानापर्यंत लाल झाला. दुसऱ्या दिवशी मीच त्याला सांगत होते, "अरे बाबा, आता तरी उठून जेवून घे."