डोंग्यावरचा दिवा कोणासाठी?

(नागपुरात महाल भागातल्या एका सभागृहात, तलाव-धरणांवर मासेमारी करणाऱ्या मंडळींसमोर दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज ठेवून संपादित.)

मंडळी, नमस्कार. समुद्र इथून सातशे-आठशे किलोमीटर लांब, आणि हा माणूस बोटीवरच्या दिव्यांवर बोलायला उभा राहिला. हसा, हसा. पण खिंडसी आहे, नवेगाव खैरी आहे, तिकडे वैनगंगेवर गोसीखुर्द आहे. पाण्याला आपल्याकडे तोटा नाही. सांजेला जाळं टाकायचं आणि कोंबडं आरवायच्या आत उचलायला निघायचं, म्हणजे हा धंदाच अंधारातला. मी आयटीआयमध्ये वायरिंग शिकवत आलो. पोहता येत नाही, हेही सांगून टाकतो. त्यामुळे डोंग्यात बसलो की माझं लक्ष इतरांपेक्षा जरा जास्तच असतं.

मागच्या हिवाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी मला घेऊन गेला. डोंग्याला इंजिन बसवलेलं, आणि नाकावर जीपला लावतात तसला एलईडीचा लांबलचक पट्टा. बटण दाबलं आणि म्हणाला, "पाहा सर, कसा उजेड पडते!" उजेड खरंच पडला. तो पाण्यावरच्या धुक्यावर पडला आणि समोर पांढरी चादर टांगल्यासारखं झालं. पाच मिनिटांत पाखरं जमली, तोंडात, कानात. तेवढ्यात समोरून अंधारातून कोणीतरी ओरडलं, "अबे, बंद कर ना तो लाइट! काईच दिसून नाई रायलं!" यानं घाबरून बटण बंद केलं, आणि मग आम्हालाही काही दिसेना. पुढच्याच क्षणी बुडितातल्या वाळक्या झाडाच्या खोडावर डोंगा आदळला. माणसं वाचली. वांग्याच्या भाजीचा डबा मात्र गेला.

आता हे झालं कशानं? डोळ्यात अंधारात काम करणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. त्या पुरत्या जाग्या व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि एका झोतात ती सगळी कमाई जाते. तांबूस उजेडानं ती फारशी बिघडत नाही, म्हणून जाळं सोडवायला टॉर्चवर लाल कागद लावा. साधी गोष्ट आहे. चांदण्या रात्री तुमचे आजोबा विनादिव्याचे काठाला लागायचे, ते याच डोळ्यांच्या जोरावर.

मग दिवा लावायचाच कशाला? तर समोरच्यानं आपल्याला पाहावं म्हणून. आपल्याला वाट दिसावी म्हणून लावतो ती टॉर्च, आणि ती लागेल तेव्हाच लावायची. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत जो जळतो, तो आपण इथं आहोत हे सांगणारा दिवा. दोन कामं वेगळी आहेत. एकाच दिव्याकडून दोन्ही करून घ्यायला गेलो की वांग्याची भाजी पाण्यात.

समुद्रावर यासाठी १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. आपल्या धरणाला ते जसेच्या तसे लागू नाहीत, पण त्यांच्यामागचा विचार पाण्याला लागू आहे, मग ते खारं असो की गोडं. डोंग्याच्या डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा. प्रत्येक दिवा नाकाच्या सरळ रेषेपासून आपल्या बाजूला ११२.५ अंशांपर्यंतच दिसला पाहिजे, त्यापलीकडे नाही. दोघांच्या मधल्या रेषेवर, उंचावर एक पांढरा, चारी दिशांनी दिसणारा. बारा मीटरपेक्षा लहान बोटीवर तो लाल-हिरव्यापेक्षा निदान एक मीटर वर हवा. सात मीटरपेक्षा लहान आणि ताशी साधारण तेरा किलोमीटरहून जास्त न पळणाऱ्या इंजिनाच्या बोटीला तर एकटा पांढरा दिवाही चालतो. जमत असेल तर लाल-हिरवे लावा, असं तोच नियम पुढे म्हणतो. नुसत्या वल्ह्यावर चालणाऱ्यानं टॉर्च हाताशी ठेवावी आणि टक्कर व्हायच्या आत, वेळेवर दाखवावी. आपल्यापैकी निम्म्यांचं काम इथंच संपलं.

रंगांचा उपयोग काय, तर व्हरायटी चौकातला सिग्नल आठवा. इंजिनाच्या दोन बोटी एकमेकींची वाट कापत असताना समोरच्याचा लाल दिसतोय, म्हणजे त्याची डावी बाजू आपल्याकडे आहे आणि तो आपल्या उजवीकडून येतोय. वाट आपण सोडायची. हिरवा दिसला तर वाट त्यानं सोडायची, पण त्याच्या भरवशावर राहू नका. सिग्नलला आपल्याकडे कोण थांबतं ते तुम्ही पाहताच. आणि लाल-हिरवे दोन्ही एकदम दिसले की तो सरळ आपल्या अंगावर येतोय. तेव्हा दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं. म्हणून हे दिवे उलटे बसवले तर नसलेले बरे. मी असे उलटे बसवलेले पाहिलेत. बसवणारा डोंग्याकडे तोंड करून काठावर उभा होता, त्याची डावी ती डोंग्याची उजवी.

आता माझा विषय, वायरिंग. नवीन बॅटरी घेऊ नका. फवारणी पंपाची बारा व्होल्ट, आठ अँपिअर-अवरची, म्हणजे एक अँपिअर घेत राहिलं तर आठ तास पुरेल अशी, बॅटरी घरात पडलेली असते. पांढरा दिवा तीन वॅटचा, लाल-हिरवे एकेक वॅटचे, मिळून पाच वॅट. पाच भागिले बारा म्हणजे साधारण ०.४२ अँपिअर. शिसं-आम्लाची बॅटरी अर्धीच वापरायची धरली, तरी साडेनऊ तास निघतात. अख्खी नाही, पण बरीचशी रात्र झाली. जुना दहा वॅटचा मोटारीचा बल्ब एकटाच यांच्या दुप्पट खाईल.

बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात तीन अँपिअरचा फ्यूज घालाच. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक फ्यूज टाळतात. झटका बसत नाही हे खरं, पण वायर घासून शॉर्ट झाली की हीच बॅटरी वायर लाल करते, आणि शेजारी पेट्रोलचा डबा असतो. सांधे शक्यतो ठेवूच नका. ठेवावेच लागले तर ते बोटीच्या तळाशी नकोत, तिथं पाणी साचतं. दिव्यावर आयपी ६७ लिहिलेलं बघून घ्या. म्हणजे धूळ शिरत नाही, आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास पडला तरी आत पाणी जात नाही.

पांढऱ्या दिव्यासाठी पीव्हीसी पाइपाचा तुकडा मागच्या टोकाला उभा करा, डोक्याच्या वर जाईल इतका, आणि दिव्याखाली ताटलीएवढं झाकण लावा. दिव्याकडे आपली पाठ, आणि उजेड आपल्या हातावर नको. डब्याचं काळं रंगवलेलं झाकण पुरतं.

एक भाऊ विचारतायत, की मग पाण्यात एलईडी सोडून मासळी गोळा करतात, ते चालेल का? भाऊ, तो दिवा वेगळा. समुद्रात त्या मासेमारीवर केंद्रानं २०१७ मध्ये बंदी घातली, कारण लहानमोठं सगळंच एकदम ओढलं जातं. त्याची आणि आपल्या तीन वॅटची गल्लत करू नका.

आता कोणीतरी दारापाशी जाऊन सभागृहाचे दिवे घालवा. सगळे, तो गेटचापण. दोन मिनिटं गप्प बसू. ही माझ्या हातातली टॉर्च मी पहिल्या रांगेवर मारतो... हो, हो, डोळे मिटा, माफ करा. आता टॉर्च बंद, आणि हा पांढरा दिवा पाइपावर धरतो, झाकणासकट. मागच्या रांगेतले काका, सांगा जी, माझा हात दिसतोय का, की नुसता दिवा?