सलग की सुटं?

(तांब्यातून पडणारी पाण्याची धार, अगदी जवळून)

या धारेत कुठे सांधा दिसतो का? ॲरिस्टॉटलचं म्हणणं होतं, पदार्थ कितीही चिरा, हाती आलेला तुकडा पुन्हा चिरता येतोच. आपल्याकडच्या वैशेषिकांना, म्हणजे वैशेषिक दर्शनाच्या तत्त्वज्ञांना, हे पटलं नाही. चिरणं कधी संपतच नसेल, तर मेरू पर्वत आणि मोहरीचा दाणा यांत फरक काय राहिला? तुकडे दोघांतही अनंतच! म्हणून कुठेतरी थांबायला हवं; ते परमाणूपाशी. मला हा युक्तिवाद फार आवडतो. पण युक्तिवादाने परमाणू मोजता येत नाही. विसावं शतक उजाडलं तरी ओस्टवाल्ड यांच्यासारखे मोठे रसायनशास्त्रज्ञ अणू मानायला तयार नव्हते.

(सूक्ष्मदर्शकाखाली थरथरणारे पिवळे ठिपके)

पॅरिस, 1908. भौतिकशास्त्रज्ञ जाँ पेरँ यांनी गॅम्बोज घेतला. हा चित्रकारांचा पिवळा रंग, आपल्या कोकमाच्याच प्रजातीतल्या झाडाचा चीक. किलोभर चिकावर काही महिने खपून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून फिरवून, एकसारखे दाणे निघाले ते एक ग्रॅमही नव्हते. मग पाण्याच्या थेंबात वेगवेगळ्या उंचीवर दाणे मोजायला सुरुवात. तळाजवळ 100 धरले, तर 30 मायक्रोमीटर (मिलिमीटरचे हजारावे भाग) वर 47. आणखी तेवढंच वर 23. मग 12.

डोंगर चढताना हवा अशीच विरळ होत जाते. निम्मी व्हायला तिला साधारण साडेपाच किलोमीटर लागतात, फरक एवढाच. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी धक्के देतात, म्हणून दाणे तळाशी बसून राहत नाहीत. दाण्याचं पाण्यातलं वजन माहीत, दाणे आणि हवा निम्मे होण्याच्या दोन्ही उंच्या माहीत. शाळेतलं व्यस्त त्रैराशिक मांडा, हवेच्या एका रेणूचं वजन हातात येतं! 1909 मध्ये ओस्टवाल्ड यांनी अणू मान्य केले.

(कागदावर ठिपके, ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा)

पेरँ यांनी दर 30 सेकंदांनी एकेका दाण्याची जागाही टिपली आणि ठिपके रेघांनी जोडले. सोबत बजावलं, की दर सेकंदाला टिपलं असतं, तर यातली प्रत्येक सरळ रेघ पुन्हा इतकीच वेडीवाकडी निघाली असती. 1872 मध्ये जर्मन गणिती वायरश्ट्रास यांनी असाच वक्र मांडला होता: कुठेही न तुटणारा, पण एकाही बिंदूवर स्पर्शिका नसलेला. कित्येक गणितींना तो विकृत वाटला होता. पेरँ यांना मात्र हा दाणा बघताना त्याचीच आठवण झाली. पदार्थ सुटा आहे याची साक्ष देणारा दाणा, आणि त्याची वाट सलग! 1923 मध्ये अमेरिकन गणिती नॉर्बर्ट वीनर यांनी या वाटेला गणितात पक्की जागा दिली.

(एक रेघ मोठी होत जाते, तिच्यातून नवे कोपरे फुटतात)