लडाखच्या मे-जूनचा अंदाज: तिथे ढग नाही, ऊन बघतात

नमस्कार मंडळी. एप्रिल संपत आला, शाळांना सुट्ट्या लागतायत, आणि मला रोज एकच प्रश्न येतोय: "ताई, मे महिन्यात लेहला चाललोय, पाऊस लागेल का?" आज त्याचं नीट उत्तर देते. पण त्याआधी सांगते, हा प्रश्न आपल्या सवयीचा आहे, लडाखचा नाही. लडाखच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाऊस किती पडणार याला फारसा अर्थच नसतो. तिथे विचारायचं असतं, ऊन कधी लागणार.

मी माणदेशातली. दहिवडीच्या बाजूची. आमच्याकडे जून उजाडला की माणसं पश्चिमेला बघत बसतात. शंभरेक किलोमीटरवर महाबळेश्वर, तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आणि आमच्या माणात जेमतेम साडेचारशे-पाचशे. मधे सह्याद्री आडवा. ढग डोंगर चढताना थंड होतात, पाणी तिथेच टाकतात, आणि आमच्या बाजूला उतरताना रिकामे झालेले असतात. पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात तो हा.

[नकाशा: हिमालय, झंस्कार, लेह, काराकोरम]

आता सह्याद्रीच्या जागी हिमालय ठेवा. चार हजार फुटांच्या ऐवजी अठरा-वीस हजार फुटांची भिंत. तिच्या मागे झंस्करची रांग, म्हणजे दुसरी भिंत. या दोन भिंतींच्या पलीकडे, सिंधू नदीच्या काठी, ११,५०० फुटांवर लेह. तिथे वर्षभराचा पाऊस आणि बर्फ वितळवून मोजलं तरी साधारण १०० मिलिमीटर. आमच्या माणात कधी कधी एका रात्रीत तेवढा पडून जातो. आम्ही स्वतःला दुष्काळी म्हणतो. लेहच्या आकड्यासमोर माण ओला वाटतो.

म्हणून पहिली गोष्ट. बातम्यांत "लडाखमध्ये मे महिन्यात सरासरीच्या दुप्पट पाऊस" असं वाचलंत तर घाबरू नका. आपल्याला टक्केवारीची सवय लागलीय. मान्सूनचा अंदाज येतो, ९६ ते १०४ टक्के म्हणजे सरासरीइतका, आणि त्यावरून आपण पेरणीपासून सोसायटीच्या कर्जापर्यंत सगळा हिशोब मांडतो. लेहची मे महिन्याची सरासरीच दहा मिलिमीटरच्या आत. समजा सरासरी पाच धरली आणि पडला दहा, तर झाले २०० टक्के. प्रत्यक्षात काय, तर दोन संध्याकाळी रस्ता ओला झाला. कोरड्या मुलखात टक्के बघू नका, मिलिमीटर बघा.

मग मे महिन्यात तिथे जे काही पडतं ते येतं कुठून? मान्सूनमधून नाही. भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमेकडच्या वाऱ्यांबरोबर कमी दाबाच्या लाटा येतात. आपल्याकडे त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतात, टीव्हीवर वेस्टर्न डिस्टर्बन्स. इराण, अफगाणिस्तान ओलांडून त्या काश्मीर-लडाखवर आदळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे गारपीट होते, त्यात बऱ्याचदा याच लाटांचा हात असतो. २०१४ ची गारपीट मराठवाडा-विदर्भातला शेतकरी अजून विसरलेला नाही. डिसेंबर ते मार्च हा त्यांचा मुख्य मोसम. पण एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात अधूनमधून येतातच. दोन-तीन दिवस आभाळ गच्च, खाली लेहमध्ये भुरभुर, वर खिंडींवर बर्फ. मग पुन्हा निळंशार. जूनमध्ये उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा तिबेटच्या पठाराच्या उत्तरेला सरकतो आणि या लाटांचं येणं कमी होतं.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ करतेय ते सांगते.

मी मे महिन्यात लेहजवळच्या साबू गावात राहिले होते. सकाळी दहाच्या सुमाराला एका शेताच्या बांधावर गेले. जव पेरलेला होता, आपण सातू म्हणतो तो. एक आमा-ले, म्हणजे आपल्या मावशी म्हणा, हातात खोरं घेऊन पाटाशेजारी बसल्या होत्या. पाटात पाणी किती? बोट बुडेल एवढं. मी विचारलं, पाणी कमी आहे का? त्यांनी वर डोंगराकडे बोट केलं. शिखराच्या अलीकडे ढगाची एक पांढरी चादर अडकलेली होती. म्हणाल्या, ऊन लागलेलं नाही अजून.

दुपारी दोन-अडीचला ढग हटला. मी तिथेच होते. साडेचार वाजता त्याच पाटात पाणी घोट्यापर्यंत आलं होतं, मातकट, आणि हात घातला तर बोटं बधिर होतील इतकं गार. आमा-लेंनी खोऱ्याने एका वाफ्याचं दारं मोडलं, चिखलाचा गोळा दुसरीकडे थापला, पाणी वळलं. माझी आजी अगदी अशीच दारं धरायची. फरक एवढाच, की आजी ढगाची वाट बघायची आणि या बाई ढग जाण्याची.

नीट बघा हे. आपल्याकडे पाणी आकाशातून यायचं असतं. तिथे ते हिवाळ्यातच येऊन डोंगरावर बसलेलं असतं, बर्फ होऊन. मे महिन्यात ते खाली उतरवायचं काम ऊन करतं. त्यामुळे आठवडाभर ढगाळ हवा म्हणजे आपल्याला वाटेल चांगला गारवा, पण तिथल्या शेतकऱ्यासाठी पाट कोरडा. आणि पेरणी लांबवून चालत नाही, कारण सप्टेंबरपासून थंडी परत येते. पीक घ्यायला मोजके महिने, बहुतेक ठिकाणी एकच पीक.

म्हणून तिथल्या उन्हाळ्याचा अंदाज दोन गोष्टींवर ठरतो. हिवाळ्यात बर्फ किती साठलं आणि एप्रिल-मेमध्ये ऊब कधी आली. बर्फ कमी आणि ऊब लवकर, तर पाणी आधीच वाहून जातं आणि जूनमध्ये ओढ बसते. बर्फ भरपूर पण मे थंड, तर पाणी वर आहे आणि शेत खाली वाट बघतंय. काठमांडूची ईसिमोड ही संस्था दरवर्षी हिंदुकुश-हिमालयातल्या बर्फाचा आढावा काढते. २०२५ मध्ये त्यांनी सांगितलं की त्या हिवाळ्यात बर्फ टिकून राहण्याचं प्रमाण सरासरीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी होतं, २३ वर्षांतलं सगळ्यात कमी. हा आकडा मला पावसाच्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतो. आमच्याकडे एक मान्सून हुकला तर निदान परतीच्या पावसाची आशा असते. तिथे हिवाळा हुकला की मे महिन्यात करण्यासारखं फार थोडं उरतं.

थोडं उरतं म्हटलं, पण लडाखच्या माणसांनी त्यातूनही वाट काढली. पाण्याच्या पाळ्या ठरवायला गावात एक माणूस नेमतात, चुरपोन. थेट आपला पाटकरी. रात्रीचं पाणी साठवायला छोटी तळी असतात, त्यांना झिंग म्हणतात. आणि चेवांग नॉर्फेल नावाचे एक इंजिनिअर, त्यांना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी १९८० च्या दशकात एक साधी गोष्ट हेरली. खऱ्या हिमनद्या इतक्या उंचावर आहेत की त्या जूनमध्ये पाझरायला लागतात, आणि पेरणीला पाणी हवं मे महिन्यात. मग हिवाळ्यात ओढ्याचं जे पाणी वाया जातं ते गावाच्या वर, थोड्या कमी उंचीवर, सावलीत पसरवून का गोठवू नये? खाली असल्यामुळे ते आधी वितळेल. झालंही तसंच. पुढे सोनम वांगचुक यांनी २०१३ च्या सुमाराला बर्फाचे स्तूप उभारायला सुरुवात केली. वरून पाइपने पाणी आणायचं, उताराच्या दाबाने ते कारंज्यासारखं उडतं, थंडीत पडता पडता गोठतं, आणि शंकूच्या आकाराचा डोंगर तयार होतो. शंकूच का? कारण तेवढ्याच बर्फाला ऊन लागायला पृष्ठभाग कमी मिळतो, म्हणून तो जास्त दिवस टिकतो. आपण म्हणतो पाणी अडवा, पाणी जिरवा. तिथे अडवून गोठवतात. मे महिन्यात गेलात आणि गावाच्या कडेला मळकट, अर्धा वितळलेला बर्फाचा ढिगारा दिसला तर फोटो काढायच्या आधी त्याच्या पायथ्याशी जा आणि तिथून निघालेला पाट कुठल्या शेतात जातोय ते बघा.

आता तुमच्या प्रवासाचं बोलू, कारण तेच पाणी तुमच्याही रस्त्यात येतं.

ओढे दुपारनंतर फुगतात. सकाळी ज्या नाल्यातून गाडी सहज जाते, तो चार वाजता दगड लोटत असतो. त्यामुळे मनाली-लेह रस्त्यावर किंवा पँगाँगच्या वाटेवर नाले शक्यतो सकाळी ओलांडा. आम्हाला एका गाडीवाल्याने "रस्ता खुला आहे, आरामात निघू" म्हणून साडेबाराला काढलं आणि संध्याकाळी साडेपाचला आम्ही नाल्याच्या अलीकडे अठरा गाड्यांच्या रांगेत उभे होतो, सोबत लहान मुलं. रस्ता खरोखर खुला होता. वेळ चुकीची होती.

पहाटे उलटा धोका. दिवसा वितळलेलं पाणी रस्त्यावर वाहतं आणि रात्री गोठतं, डांबरावर काचेसारखा थर. काळाच दिसतो, त्यामुळे कळत नाही. म्हणून खिंडीवर ऊन पोचल्यावर चढा, आणि नाला दुपारच्या आत ओलांडा. मे महिन्यातला लडाखचा दिवस या दोन वेळांच्या मधे बसवायचा असतो.

तापमान. लेहमध्ये मे महिन्यात दुपारी साधारण १६ ते १८ अंश, पहाटे तीन-चार. जूनमध्ये दुपारी एकवीस-बावीस. पण हे लेहचं झालं. लेहहून चाळीस किलोमीटरवर खारदुंग ला ही खिंड, जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं होतं, पण मोजणीत उंची १७,५८२ निघते. म्हणजे लेहपासून साधारण सहा हजार फूट चढ. दर हजार मीटरला साडेसहा अंश असा ढोबळ हिशोब धरा, बारा अंश कमी. लेहमध्ये टी-शर्टवर निघालेला माणूस वर चार अंशात उतरतो, वारा वेगळाच. फोनवर लेहचं तापमान बघून खिंडीचे कपडे ठरवू नका.

आणि तिथे ऊन-सावलीचा जो फरक आहे तो अनुभवल्याशिवाय पटत नाही. हवा विरळ, बाष्प जवळजवळ नाही, म्हणून ऊन थेट लागतं आणि सावलीत गेलात की ऊब धरून ठेवायला हवेत काही नसतं. चेहऱ्याची एक बाजू भाजते आणि दुसऱ्या बाजूला थंडी वाजते. गार आहे म्हणून क्रीम लावलं नाही तर दोन दिवसांत नाकाची सालं निघतात.

रस्त्यांचं थोडक्यात. झोजी ला, श्रीनगरकडून येणारी खिंड, पूर्वी पाच-सहा महिने बंद असायची. आता सीमा सडक संघटना ती बंद झाल्यावर साधारण महिनाभरात उघडते. तरी मे महिन्यात एक झंझावात आला की दोन दिवस थांबावं लागू शकतं. मनालीकडचा रस्ता बारालाचा ला, टांगलांग ला ओलांडून येतो, तो साधारण मेमध्ये खुला होतो, तारीख बर्फावर. विमानं लेहला बहुतेक सकाळी उतरतात, कारण दुपारनंतर दरीत वारा उठतो. शिवाय हवा तापली की ती आणखी विरळ होते आणि विमानाला भार उचलता येत नाही. जुलै २०२४ च्या अखेरीस नेमक्या उष्म्यामुळे लेहची विमानं रद्द करावी लागली होती.

ढगफुटीची भीती बऱ्याच जणांच्या मनात आहे, ५-६ ऑगस्ट २०१० च्या रात्रीमुळे. लेह आणि चोगलमसरमध्ये त्या रात्री दोनशेच्या वर माणसं गेली. ती भीती खोटी नाही, पण तो मोसम वेगळा. जुलै-ऑगस्टमध्ये मान्सूनचं बाष्प क्वचित भिंत ओलांडतं तेव्हा तसं होतं. मे-जूनमध्ये त्या कारणाने बेत बदलू नका. मात्र तंबू कोरड्या नाल्याच्या पात्रात कधीच लावू नका, कुठल्याही महिन्यात.

रोज सकाळी काय बघायचं? भारतीय हवामान खात्याचं लेहला स्वतःचं केंद्र आहे, त्यांचा पाच दिवसांचा अंदाज बघा. त्यात "पश्चिमी झंझावात" हा शब्द आला की त्या दोन-तीन दिवसांत खिंड ठेवू नका, लेहमध्येच रहा. तसंही पहिले दोन दिवस विश्रांती घ्यायचीच आहे, समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश हवेत शरीराला बसायला तेवढा वेळ लागतो.

आणि तुम्ही मला तारीख विचारलीत तर मी जूनचा दुसरा आठवडा सांगेन. झंझावात कमी झालेले असतात, खिंडींच्या कडेला बर्फाच्या भिंती अजून उभ्या असतात, आणि जव वीतभर वर आलेला असतो. मेमध्येच जाणार असाल तर परतीच्या विमानाआधी एक अख्खा दिवस लेहमध्ये मोकळा ठेवा, आणि तिकीट काढताना तो दिवस आधी राखून मग बाकीचा बेत आखा.