पेराएवढा योद्धा

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्या अंगठ्याचं वरचं पेर जरा बघा. साधारण तेवढ्या उंचीचा एक योद्धा डोळ्यांसमोर आणा. अंगात चिलखत, हातात परशू, खांद्यावर लांडग्याचं कातडं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची ‘गेम्स वर्कशॉप’ कंपनी असे योद्धे बनवते. त्यांना टेबलावर लढवण्याचा ‘वॉरहॅमर’ हा खेळ १९८३ साली आला.

गंमत म्हणजे विकत घेतलं तरी सैन्य तयार मिळत नाही. डबा उघडला की करड्या प्लॅस्टिकच्या चौकटी निघतात. हात वेगळे, मुंडकं वेगळं, परशू वेगळा. कटरने तुकडे सोडवायचे आणि साच्याच्या सांध्याची जी बारीक रेघ उमटलेली असते, ती ब्लेडच्या पाठीने खरवडायची. इथे कंटाळा नको. ती रेघ रंगाखाली लपत नाही, उलट जास्तच उठून दिसते. चिकटवायला प्लॅस्टिक सिमेंट. ते दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक थोडं विरघळवतं आणि सांधा एकजीव होतो. धातूच्या किंवा रेझिनच्या आकृतीवर मात्र त्याचा काही उपयोग नाही, तिथे सुपरग्लूच.

मग प्रायमर, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायचा हात. मुंबई-कोकणातल्या मंडळींनी पावसाळ्यात स्प्रेचा डबा कपाटातच ठेवावा. दमट हवेत प्रायमर खरखरीत, पांढुरका बसण्याची भीती असते. ब्रशने लावायचा प्रायमर मिळतो, तो बरा.

आता खरं काम. एवढ्याशा आकृतीच्या झग्याला चुण्या असतात, पण त्या इतक्या उथळ की खोलीतल्या उजेडात त्यांची सावली नीट पडतच नाही. नुसता लाल रंग फासला तर झगा सपाट दिसतो. म्हणून सावली आपणच रंगवायची. त्यासाठी वॉश, म्हणजे अगदी पातळ गडद रंग. तो आपोआप खाचांत उतरतो. ‘नल्न ऑइल’ हा काळा वॉश प्रसिद्ध आहे. नावात ऑइल असलं तरी आहे पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक. वॉश वाळला की उलट बाजूने यायचं. ब्रशवरचा रंग कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि तो कोरडा ब्रश उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. लांडग्याच्या कातड्याचा केसन् केस सुटा दिसू लागतो. हाताशी धरून बघितलं तर हे सगळं भडक वाटेल. वाटू दे. सैन्य बघायचं असतं टेबलापलीकडून.

२०१९ साली ‘कॉन्ट्रास्ट’ नावाचे रंग आले. एकाच हातात मूळ रंग आणि सावली दोन्ही. चाळीस पायदळ रंगवायचं असेल तर जरूर वापरा. सेनापतीला मात्र मी वॉश आणि ब्रशच लावीन.

डोळे सगळ्यांत छळतात. शुभ्र पांढरा टाकला की योद्धा भूत बघितल्यासारखा डोळे वटारतो. किंचित मळका पांढरा घ्यावा, बुबुळाचा ठिपका द्यावा आणि वर-खाली कातडीच्या रंगाने डोळा बारीक करत आणावा. नाहीतर शिरस्त्राणवाला योद्धाच निवडा, त्यात कमीपणा काही नाही.

खेळताना बोटं लागून रंग झिजतो, तेव्हा शेवटी मॅट व्हार्निशचा एक हात हवाच. आणि रंगवायचा आळस असेल तर एक हिशेब सांगतो. याच घराण्यातल्या ‘वॉरहॅमर ४०,०००’मध्ये एका डावाचे गुण १०० धरतात. त्यांतले १० नुसतं सैन्य रंगवलेलं आहे म्हणून मिळतात, फासा हातात घेण्याआधीच.